कडक सोलचे सायकलिंग बूट आणि चवड्याची आग

खोगीरभरती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आता पायच बोलायला लागलाय म्हणून पहिला धागा काढतोय.

चार वर्षं फ्लॅट पेडल आणि साधे पळायचे बूट घालून सायकल चालवली, कधी तक्रार नव्हती. दीड महिन्यापूर्वी हौसेने कार्बन सोलचे बूट आणि तीन बोल्टवाल्या क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचे तुकडे) घेतल्या. पहिले दोन आठवडे पडण्यात गेले. तीनदा पडलो, तिन्ही वेळा थांबलेल्या सायकलवरून आणि तिन्ही वेळा लोकांसमोर. ते जमलं. पण आता ३५-४० किमी झाले की उजव्या पायाचा चवडा पेटतो. आधी मोज्यात खडा गेल्यासारखं वाटतं. मग आग होते, आणि त्यानंतर तिसरं-चौथं बोट पायाला आहे की नाही तेच कळत नाही. डावा पाय त्या मानाने शहाणा आहे, थोडं कुरकुरतो आणि गप्प बसतो.

बूट काढून पाच मिनिटं बसलो की सगळं जागेवर. पुन्हा घातला की पुढच्या दहा किमीत तेच रडगाणं. साइज ४२, रोजच्या वापरातले बूटही ४२च. मऊ वाटावं म्हणून जाड मोजे घालून पाहिले तर पंचविसाव्या किमीलाच शंख झाला.

कडक सोलचा हा त्रास असतोच का? थोडे कमी कडक बूट घेऊ, की सवय होईल?


उतारप्रेमी

सवय होईल. मलाही सुरुवातीला चावत होते, दोन महिन्यांत बसले. नवीन बूट कोणताही असो, आधी तो आपल्याला चावतो, मग आपण त्याला पुरून उरतो. किमी वाढवा.


संथचाक

@उतारप्रेमी, चामड्याची चप्पल चावते आणि मग सैल पडते ते ठीक. कार्बनचा सोल दोन महिन्यांत काय, दोन वर्षांतही सैल पडत नाही. वरचं कापड फार तर थोडं ताणतं. तुमचे बसले कारण ते मुळातच तुमच्या पायाचे होते.

@खोगीरभरती, सोलला लगेच फाशी देऊ नका. चालताना तळवा वाकतो. दाब टाचेवरून चवड्यावर आणि तिथून अंगठ्याकडे सरकतो, म्हणजे प्रत्येक जागेला मधे थोडी उसंत मिळते. सायकलवर तसं होत नाही. ९० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) तासाला ५४०० वेळा तोच चवडा त्याच जागी दाबला जातो. कडक सोल हा दाब पसरवतो. पेडल तळव्याला टोचू नये यासाठीच तो कडक केलेला असतो. त्याचा दोष एवढाच की तो चूक माफ करत नाही. पळायचा बूट चार मिलिमीटर अरुंद असला तर वाकून, ताणून सांभाळून घेतो, हा घेत नाही.

म्हणून आधी काही प्रश्न. पायाच्या पुढच्या भागावरचा पट्टा किती घट्ट बांधता? क्लीट कोणी बसवल्या आणि कुठे? आतला इनसोल (तळव्याखालची सुटी गादी) बुटासोबत आलेलाच आहे का? आणि आग नेमकी कुठे होते? अंगठ्याच्या मुळाशी, मधल्या बोटांच्या मुळाशी, की करंगळीच्या कडेला?


खोगीरभरती

धन्यवाद संथचाक. आग तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी. करंगळीच्या कडेलाही बूट टोचतो, पण आगीपुढे त्याची दखल घेत नव्हतो. पट्ट्यांऐवजी दोन डायल (फिरवून बूट आवळायच्या चकत्या) आहेत. पाय हलू नये म्हणून दोन्ही कचकचून आवळतो, कारण घट्ट बूट म्हणजे जास्त ताकद असं कुठेतरी वाचलं होतं. क्लीट मीच बसवल्या, सोलवरच्या खाचेच्या बरोबर मध्यावर. इनसोल बुटासोबतचाच, पुठ्ठ्याला मोठा भाऊ म्हणावं असा.


जेलपॅड

माझा सोपा उपाय: जेलचा मऊ इनसोल टाका. मी टाकला आणि स्वर्ग.


मोजपट्टी

@जेलपॅड, तुमच्या बुटात जागा होती म्हणून स्वर्ग मिळाला. ह्यांच्या बुटात जाड मोज्यालाही जागा नाही, तिथे जेल कुठे कोंबणार? आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

खोगीरभरती, पाच मिनिटांचं काम सांगतो. संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो आणि सायकलवरही तो फुगतोच. बुटातला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा. सायकलिंगचा मोजा घालून त्यावर उभे रहा. बसून नको, वजन पडलं की पाय पसरतो. टाच इनसोलच्या टाचेला बरोबर लावा आणि पाय कुठून बाहेर लोंबतोय ते कुणाला तरी बघायला सांगा. दोन्ही पायांचं करा. मग कोऱ्या कागदावर उभं राहून पेन सरळ धरून बाह्यरेखा काढा आणि लांबी-रुंदी मोजा.

साइजच्या आकड्यावर फार विसंबू नका. ४२, ४३ हे जे युरोपीय आकडे आहेत त्यात एक साइज म्हणजे लांबीत दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिमी. अर्धा साइज म्हणजे ३.३ मिमी. हे झालं लांबीचं. रुंदीबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. दोन ४२ शेजारी ठेवले तर एक होडी निघेल आणि दुसरा सुरी. अरुंद बुटावर उपाय म्हणून एक साइज वर जाणारे बरेच भेटतात. मग बोटांपुढे मोकळं मैदान, टाच आत वर-खाली, आणि चवडा होता तितकाच आवळलेला.


खोगीरभरती

केलं. बायकोला खाली बसून बघायला लावलं. तिचा पहिला प्रश्न, "हा तुझाच बूट आहे ना?"

उजवा पाय करंगळीच्या मुळाशी इनसोलच्या बाहेर जवळपास ६ मिमी, डावा ३ मिमी. उजवा पाय डाव्यापेक्षा ५ मिमी लांब निघाला. चाळीस वर्षं ह्या पायांवर उभा आहे आणि आज कळतंय की ते जुळे नाहीत.

आणखी एक गंमत. इनसोल उजेडात तिरका धरला तर दीड महिन्याचा सगळा इतिहास त्यावर छापलेला. टाचेचा गोल खळगा, अंगठ्याचा पुसट ठसा. मधल्या बोटांच्या मुळाशी मात्र कापड घासून तुळतुळीत चकचकीत झालंय. बाहेरची कड एका ठिकाणी वर दुमडून तिला कायमची घडी पडलीय. करंगळीचं मूळ त्या घडीवर बसत असणार. डाव्या इनसोलला तशी घडी नाही.


हाडवैद्य

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, पण पडद्यावरून निदान करणार नाही. सामान्य माहिती देते.

चवड्यात पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात. बूट दोन्ही बाजूंनी आवळला की हाडं एकमेकांकडे सरकतात, मधली नस चिमटीत सापडते. त्यात खालून पेडलचा दाब. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली जागा ह्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथली नस वारंवार दबून तिच्याभोवतीची ऊती जाड झाली तर त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. १८७६ साली मॉर्टन नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव. नावात 'ओमा' आहे म्हणून घाबरू नका, ती गाठ कॅन्सरची नसते.

बूट काढल्यावर पाच मिनिटांत बरं वाटतंय हे चांगलं लक्षण आहे. बहुधा अजून नुसती चिमटच आहे. तिचं दुखण्यात रूपांतर होऊ देऊ नका. "सवय होईल" ह्या सल्ल्यावर माझा आक्षेप तेवढ्यासाठीच. नसेला सवय होत नाही, ती बधिर होते आणि आपल्याला वाटतं सवय झाली.

खालीलपैकी काही असेल तर धागे वाचत न बसता डॉक्टरांना पाय दाखवा: बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, घरात अनवाणी चालतानाही खडा टोचतोय असं वाटलं, रात्री दुखून जाग आली, किंवा पायाच्या वरच्या बाजूला एकाच बिंदूवर दाबलं की कळ आणि सूज. शेवटचं लक्षण हाडाला बारीक तडा गेल्याचंही असू शकतं. मधुमेह असेल तर पट्टे-क्लीट घेऊन प्रयोग करत बसायचंच नाही. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही, त्यामुळे प्रत्येक राइडनंतर तळवा डोळ्यांनी तपासायचा.


उतारप्रेमी

बापरे. मी आपला साधा माणूस, सवय होईल म्हणालो तर नसा, ऊती आणि १८७६ साल. मागे घेतो शब्द.


हाडवैद्य

उतारप्रेमी, राग नाही. पण मागच्या एका धाग्यात तुमच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडल्याचं तुम्हीच लिहिलं होतं. तेही सवय झाल्याचंच लक्षण का?


उतारप्रेमी

ते पळताना झालं होतं हो. सायकलिंगच्या बुटांवर किटाळ नको.


कडीकुलूप

क्लीटबद्दल लिहितो, माझा आवडता विषय आहे. लांबेल.

खाचेच्या मध्यावर क्लीट बसवणे म्हणजे टोपी कोणाच्याही डोक्यावर ठेवून मधोमध आली असं म्हणणे. मध्य बुटाचा, पाय तुमचा. बूट घालून, डायल बांधून उभे रहा आणि बोटाने चाचपून अंगठ्याच्या मुळाचं हाड शोधा. ते बुटाच्या आतल्या बाजूला उंचवट्यासारखं लागतं. त्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाचं हाड शोधून तिथेही एक तुकडा. करंगळीचं हाड नेहमी मागे असतं. बहुतेकांच्या बाबतीत पेडलचा अक्ष ह्या दोन खुणांच्या मधे कुठेतरी यावा. बरेच जण अंगठ्याच्या हाडाखाली किंवा त्याच्याही पुढे बसवतात आणि मग चवड्याची आग, पोटरीचे गोळे सगळं फुकटात मिळतं. तुमच्यासारखी आग होत असेल तर क्लीट टाचेकडे घ्यायची. चवड्यावरचा भार थोडा मागे, तळव्याच्या मध्याकडे जातो.

कसं करायचं: आधी क्लीटची बाह्यरेखा मार्करने सोलवर आखून घ्या. हे केलं नाही तर परतीचा रस्ता नाही. बोल्ट पूर्ण काढू नका, सैल करा, ३-४ मिमी मागे सरकवा, आणि सरकवताना क्लीट फिरू देऊ नका. बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस. ४ मिमीची ॲलन की, टॉर्क ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर घट्ट करा, पण सूड उगवू नका. क्लीट मागे गेली की पेडलपर्यंत पाय थोडा कमी पोचतो, म्हणून सीट दोन-तीन मिमी खाली घ्या. सीट मुळातच उंच असेल तर बोटं खाली रोखून पेडल मारावं लागतं आणि सगळं वजन चवड्याच्या टोकावर येतं, तेही एकदा बघा.

एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं तर कशाने ते कळत नाही. वाईट वाटलं तर अजिबातच कळत नाही.

अवांतर: आपण क्लीटच्या नावाने बोटं मोडतो, पण त्याआधी लोक धातूच्या पिंजऱ्यात पाय घालून चामड्याच्या पट्ट्याने आवळत असत. थांबायच्या आधी वाकून हाताने पट्टा सैल करायचा, विसरलात तर सायकलसकट आडवे. लूक ही स्कीच्या बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ) बनवणारी कंपनी, तिने तीच कल्पना १९८४ मध्ये पेडलला लावली. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने त्या पेडलवर जिंकली आणि हळूहळू पट्टे अडगळीत गेले. शिमानो कंपनीची दोन बोल्टवाली एसपीडी पेडल-क्लीट १९९० ची. तेव्हा तीनदाच पडलात ह्यात समाधान माना.


मधली_साखळी

माझी गोष्ट नेमकी उलटी आहे, म्हणून लिहितेय.

माझ्याकडे एसपीडी, म्हणजे छोटी दोन बोल्टवाली क्लीट. बूट चालायला बरे म्हणून मऊ सोलचे घेतले. तासाभराने क्लीटच्या आकाराचीच आग व्हायची. अक्षरशः, तळव्यावर नाणं ठेवून कोणी अंगठ्याने दाबतंय अशी. क्लीट छोटी, पेडल छोटं आणि सोल मऊ, म्हणजे सगळा दाब एका टिकलीएवढ्या जागेवर. त्यापेक्षा कडक सोलचे बूट घेतले आणि आग बंद. तेव्हा धागाकर्ते, कमी कडक घेऊ का ह्याचं उत्तर माझ्यापुरतं तरी 'नको' असं आहे. आगीतून फुफाट्यात जाल.

दुसरं, पुढच्या डायलबद्दल. बुटात पाय धरून ठेवायचं काम टाच आणि घोट्यापुढचा भाग करतो, चवडा नाही. वरचा डायल घट्ट ठेवा. पुढचा इतका सैल की बोटं आत पियानो वाजवू शकतील. आणि तो दुखायच्या *आधी* सैल करायचा. मी साधारण विसाव्या किमीला दोन टिचक्या सैल करते, दुखो न दुखो. उन्हात त्याही आधी. एकदा आग लागल्यावर सैल करून फारसा उपयोग होत नाही, चिडलेली नस ऐकत नाही.

तिसरं, बायकांसाठी: बायकांचे म्हणून मिळणारे बूट बऱ्याचदा आणखी अरुंद असतात. माझा चवडा रुंद आहे, मी सरळ पुरुषांचे रुंद मापाचे घेते. रंग रटाळ मिळतो, पण बोटं पाचही परत येतात.


निशाचर

मम (माझंही असंच). फक्त माझं उत्तर वेगळं: मी फ्लॅट पेडलवर परत गेलो. टोकदार पिनवालं रुंद पेडल आणि सपाट रबरी तळाचा, बऱ्यापैकी कडक बूट. पाय दर तासाला इकडेतिकडे सरकवता येतो. शर्यत लावायची नाही, मग पायाला जखडून ठेवायची कसली हौस?


कडीकुलूप

@निशाचर, मुद्दा मान्य आहे. पण धागाकर्त्यांनी बूट कुठला चांगला हे विचारलंय, संन्यास घेऊ का असं नाही.


खोगीरभरती

पहिला अहवाल.

आठवडा १: फक्त दोन बदल. (एकच करा असं सांगितलं होतं, माहितीय.) पातळ मोजे आणि पुढचा डायल सैल. आग ४० ऐवजी ५५ किमीला आली. मी खूश.

आठवडा २: मार्करने आखून क्लीट ४ मिमी मागे, सीट ३ मिमी खाली. ७० किमीपर्यंत पाय गप्प. पण उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नवीनच कळ सुरू झाली, जी आयुष्यात कधी नव्हती. चवडा विझवला आणि गुडघा पेटवला. काय चुकलं?


कडीकुलूप

क्लीट फिरली असणार. आखलेल्या रेषेशी ताडून बघा. क्लीट कुठल्या रंगाची आहे?


खोगीरभरती

लाल. पेडलसोबत आलेली नाही, मी वेगळी घेतली होती. लाल रंग सायकलला मॅचिंग होता.


कडीकुलूप

😄 अहो, तो रंग सजावटीचा नाही. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी म्हणजे टाच एकूण ६ अंश हलू शकते, निळी म्हणजे २, लाल म्हणजे ०. लालमध्ये पाय खिळ्याने ठोकल्यासारखा बसतो. जरा कोन चुकला की गुडघा तक्रार करणार. दुसऱ्या कंपनीचं पेडल असेल तर रंगांचा अर्थ वेगळा. लूक किओमध्ये लाल म्हणजे सर्वात मोकळी, ९ अंश, आणि ० वाली काळी. त्यामुळे ऐकीव रंगावर जाऊ नका. शिमानोचं पेडल असेल तर पिवळी लावा आणि टाच स्वतःहून कुठे जाते ते पेडललाच ठरवू द्या.


खोगीरभरती

शिमानोच आहे. रेषेशी ताडलं. क्लीटची पुढची टोकं आखलेल्या रेषेपासून आतल्या बाजूला वळलेली होती, बोल्ट आवळताना फिरली असणार. पिवळी लावली. दोन राइडमध्ये गुडघा शांत.

दरम्यान एक गाढवपणा केला तोही सांगून टाकतो. चवड्याखाली लावायचे छोटे फुगीर पॅड मिळतात, ते आणले आणि जिथे आग होते बरोबर तिथेच चिकटवले. दुखतं तिथे मलम, हा आपला हिशोब. तेरा किमीत घरी परत.


हाडवैद्य

सगळे असंच करतात. ते पॅड दुखणाऱ्या जागेखाली नाही, तिच्या मागे लावायचं, टाचेच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर. हाडांच्या टोकांच्या मागे आधार मिळाला की टोकं किंचित उचलली जातात, एकमेकांपासून फाकतात आणि मधल्या नसेला जागा होते. टोकाखालीच लावलं तर तुम्ही स्वतः बुटात खडा घातलात. नीट जागी बसलेलं पॅड सुरुवातीला थोडं विचित्र वाटतं आणि दहा मिनिटांत विसरायला होतं. तसं झालं नाही तर जागा चुकलीय. आणि हे सगळं बुटात जागा असेल तर. तुमच्या ६ मिमीवर पॅड हा उपाय नाही, ते मोजपट्टींनी आधीच सांगितलंय.

तळव्याची कमान पेडल मारताना खाली बसते का हेही बघा. खुर्चीवर बसून पाय मोकळा सोडा, मग उभे रहा. कमान बरीच सपाट होत असेल तर पाय लांब आणि रुंद दोन्ही होतो. कमानीला आधार देणारा इनसोल अशा पायाला मऊ जेलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.


खोगीरभरती

दुसरा अहवाल. मधे तीन आठवडे गेले.

पॅड मागे सरकवलं, फरक पडला, पण ८०च्या पुढे उजवा पाय नाहीच ऐकत. करंगळीच्या कडेला लाल वळ येत होता. शेवटी मान्य केलं की बूटच चुकीचा आहे. ह्या वेळी मोजपट्टींचा कागद खिशात घालून गेलो. दुकानदार हसला. मी बुटातला इनसोल काढून कागदावर ठेवल्यावर हसायचा थांबला आणि आतून दोन जोड अजून घेऊन आला.

तीन जोड घातले. पहिला ४३, रुंदी नेहमीची. मोजपट्टींनी सांगितलं तसंच, टाच आत नाचत होती. दुसरा रुंद मापाचा ४२, पण बोटांच्या टोकांशी निमुळता, अंगठा आत ढकलला जात होता. तिसरा रुंद मापाचा ४२.५, पुढून गोलसर. दोन्ही बूट बांधून दुकानात वीस मिनिटं नुसता उभा राहिलो, मग टाच उचलून पेडल मारायच्या पवित्र्यात जोर दिला. मोठ्या उजव्या पायाला बरोबर, डाव्याला किंचित सैल. डाव्याचा डायल एक टिचकी जास्त.

सोल? कार्बनच. आधीच्या बुटाइतकाच कडक. वाकवून पाहिला, वाकला नाही.

पहिली १०० किमी काहीही न होता. परत येताना ६०च्या आसपास सवयीने उजव्या बोटांची आठवण काढली, पाचही हजर.


संथचाक

बरं झालं. नवीन बुटावर क्लीट बसवताना जुनी मापं तशीच उचलू नका, बुटाची लांबी बदललीय. हाडं पुन्हा चाचपून चिकटपट्टी लावा.


खोगीरभरती

लावली. आता चिकटपट्टी सायकलच्या पिशवीतच असते.

तिसरा आणि बहुधा शेवटचा अहवाल: काल पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब राइड) केली. मुदत १३ तास ३० मिनिटं, मी १२ तास ४० मिनिटांत आलो. १६० पर्यंत पाय आहेत हेच विसरलो होतो. मग लांब चढ लागला, दमलो होतो, जड गिअरवर ५५-६० केडन्सने रेटत बसलो आणि उजवा चवडा हळूच म्हणाला, मी आहे इथेच.


संथचाक

जड गिअर. केडन्स अर्ध्यावर आली की तेवढाच वेग ठेवायला प्रत्येक फेऱ्याला दुप्पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा चवड्यातून जातो. एक गिअर हलका करा, आणि मधेमधे दहा-बारा फेरे पेडल दाबायच्या ऐवजी नुसते फिरवा. उतारावर टाच खाली सोडून बोटं आत हलवायची. मोठ्या राइडला असला हिशोब थोडाफार चालूच राहतो, अगदी बरोबर बूट असला तरी.


खोगीरभरती

तेच केलं, योगायोगाने. गिअर हलका केल्यावर पंधरा मिनिटांत आग गेली. शेवटचे २० किमी चवडा गप्प होता, बाकी सगळं शरीर बोलत होतं.


जेलपॅड

जुन्या बुटांचं काय केलंत? टाकून देणार असाल तर साइज ४२ ना?


खोगीरभरती

गेले. उतारप्रेमींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्यांचा पाय ४२ आणि अरुंद. मोजपट्टींचा कागद आधी काढून पाठवा म्हटलं. त्यांनी पाठवला. इनसोलवर ठेवून पाहिला तर रेषेवर रेष. परवाच बूट रवाना केले.


उतारप्रेमी

मिळाले. आज ९० किमी घालून आलो. लोण्यासारखे आहेत. खोगीरभरती, ह्यात चावण्यासारखं काय होतं हो?